चाचणीचा आकडा आणि खरा आकडा



नवा कारखाना उभा राहिला की पहिल्या वर्षी चाचणी गळीत हंगाम घेतात, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आधी बॉयलर पेटवायचा, मिल रिकामी फिरवून बघायची, मग थोडा ऊस टाकायचा. कुठे पट्टा घसरतो, कुठे रस गळतो, कुठे बेअरिंग तापते, ते सगळे त्या दिवसांत कळते. त्या चाचणीची साखर थोडी निघते आणि रंगालाही यथातथाच असते, पण तिच्यावरून कोणी चेअरमनला धारेवर धरत नाही. चाचणी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते.

मग यंत्राला जी शिस्त आपण लावतो ती आकड्यांना का लावत नाही, असा प्रश्न मला गेली काही वर्षे पडतो आहे. आता कारखान्याचे अर्धे काम आकड्यांवर चालते. ऊस नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, पंधरवड्याचे बिल, हे सगळे संगणकात जाते आणि एका फलकावर उमटते. त्याला डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीच्या स्टिअरिंगपुढे वेग आणि डिझेल दाखवणारी पट्टी असते ना, तसाच हा प्रकार. कुठल्या गटात किती ऊस उभा आहे, कुठल्या टोळीने किती टन तोडला, हे शेती अधिकारी त्यावर पाहतो आणि तोडणीच्या चिठ्ठ्या काढतो. फलक चुकला तर चिठ्ठी चुकते, आणि चिठ्ठी चुकली तर कोणाचे काय होते ते तुम्हाला सांगायला पाहिजे असे नाही.

पूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात ऊस नोंद विभागात होतो, तिथली गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. तिथे नवा फलक तयार झाला. करणारी पोरे हुशार होती. त्यांनी आधी चाचणीच्या जागेत काम केले, म्हणजे संगणकातच एक वेगळी कोठी करून तिच्यात मागल्या हंगामातल्या दोन गटांची नोंद भरली आणि फलक तिच्यावर चालवून पाहिला. अडसाली किती, पूर्वहंगामी किती, सुरू किती, खोडवा किती, सगळे रंगीत पट्ट्यांत दिसायचे. संचालक मंडळानेही पाहून मान डोलावली. मोळी टाकायच्या आदल्या दिवशी फलक चाचणीच्या जागेतून चालू जागेत हलवला. चित्र हलले. पण चित्राला आकडे पुरवणारी नळी जुन्या कोठीलाच जोडलेली राहिली!

तीन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही, कारण फलक छान दिसत होता. आकडे होते, पट्ट्या होत्या, तारीख आजची होती. फक्त त्या दोन गटांतला ऊस मागल्या वर्षीचा होता. चौथ्या दिवशी स्लिप बॉय एका रानात टोळी घेऊन गेला आणि डोके खाजवत परत आला. त्याच्या मागोमाग शेतकरी गट ऑफिसात. म्हणाला, "साहेब, तुमच्या फलकावर माझ्या रानात ऊस उभा आहे. रानात मात्र हरभरा आहे. तोच तोडू काय?" ऑफिसातली माणसे हसली. पण त्याच गटात ज्याचा ऊस खरोखर पक्व झाला होता, तो फलकावर नव्हताच. त्याची पाळी मागे गेली, उसाला तुरा आला, वजन घटले. त्याला हसू आले नाही, आणि त्याची भरपाईही कोणी केली नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. संगणकवाले चाचणीच्या जागेला स्टेजिंग म्हणतात आणि चालू जागेला प्रॉडक्शन. एकीकडून दुसरीकडे फलक नेणे म्हणजे खोलीतले कपाट ओट्यावर आणणे नव्हे.

हा विषय उसाच्या मुलखाबाहेर कुठे नीट पाहायला मिळेल, याचा शोध घेता घेता चंद्रपूर-गडचिरोलीकडे लक्ष गेले. तुम्ही म्हणाल, तिकडे भात, तेंदूपत्ता, बांबू आणि मोह. त्यांचे आपल्याला काय? पण विचार करा. आपल्याकडे फलक चुकला तर सभासद गाडीला किक मारतो आणि वीस मिनिटांत गट ऑफिस गाठून टेबलावर हात आपटतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. बारा तालुके, चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी यायचे तर दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे वाट बंद होत आलेली. अशा ठिकाणच्या माणसाबद्दल वर कुठल्या तरी फलकावर चुकीचा आकडा गेला, तर तो दुरुस्त करायला तो माणूस येणार कसा? आकड्याच्या चुकीचे खरे मोल तिथे कळते.

२०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी आकांक्षित जिल्हे कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यातले चार जिल्हे त्यात आले: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. नीती आयोगाने या जिल्ह्यांसाठी 'चॅम्पियन्स ऑफ चेंज' नावाचा फलक उभा केला. त्यावर ४९ निर्देशक ठेवले. गुणांची वाटणी अशी: आरोग्य आणि पोषणाला शंभरातले ३०, शिक्षणाला ३०, शेती व पाण्याला २०, बँक-विमा आणि कौशल्याला १०, रस्ते-वीज-पाणी अशा सोयींना १०. आधी मार्चमध्ये आधाररेषा जाहीर केली, म्हणजे आज जिल्हा कुठे उभा आहे ते. त्यानंतर दरमहा जिल्ह्याने आकडे भरायचे आणि कोण किती पुढे सरकला यावर क्रम लागायचा.

ही आधाररेषा म्हणजे उसाच्या गाडीचे रिकामे वजन. ते चुकले तर भरलेल्या गाडीचे वजन कितीही अचूक घ्या, उसाचे टन चुकणारच. समजा आधीची नोंद कच्ची होती आणि आधाररेषा खरी होती त्यापेक्षा खाली लागली. मग नुसती नोंद सुधारली तरी जिल्ह्याची प्रगती झाल्यासारखी दिसेल. बाळंतपणे दवाखान्यात जास्त झाली नसतील, वहीत जास्त लिहिली गेली असतील. हे ध्यानात घेऊनच त्या कार्यक्रमात त्रयस्थ संस्थांकडून घरोघर पाहणी करून आकडे ताडण्याची सोय ठेवली होती. आकडे भरणारा आणि तपासणारा एकच असला की काय होते, ते काट्यावर उभे राहिलेल्या माणसाला समजते.

दुसरी एक खोच त्याहून बारीक आहे. एखाद्या उपकेंद्रातून महिन्याचा आकडा आलाच नाही. पूल बुडाला, मोबाईलला रेंज नाही, नर्सबाई रजेवर, काहीही असेल. फलक त्या जागी काय दाखवणार? बऱ्याचदा फलक करणाऱ्याने याचा विचार केलेला नसतो आणि तिथे शून्य उमटते. हिवतापाने पिढ्यान्पिढ्या पिडलेल्या जिल्ह्यात एखाद्या गावापुढे 'रुग्ण ० ' असे दिसले की वरच्या साहेबाला आनंद होतो आणि फवारणीची गाडी दुसरीकडे वळते. प्रत्यक्षात तिथे शून्य नव्हते, उत्तरच नव्हते. चाचणीच्या जागेत हे कळत नाही, कारण तिथे भरलेला नमुना बहुधा नीटनेटका असतो, प्रत्येक रकाना भरलेला. म्हणून चाचणीचा नमुना मुद्दाम वाकडा असावा: कोरे रकाने, एकाच नावाचे तिघे, दोन गावांत जमीन असलेला एक, लागणीची तारीख ३१ जूनची. असा माल पचवला तर फलक चालू जागेत न्यायला हरकत नाही.

आपल्या शिवारातलेच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभे राहून मोबाईलवर स्वतःच्या पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याकडे आले. रेंज नसेल तर नोंद मोबाईलमध्ये राहते आणि रेंज मिळाल्यावर वर जाते. एटापल्ली-भामरागडकडे हा 'नंतर' कधी येईल, कोण सांगणार? तोवर फलकावर त्या रानात पीक नाही. इथेही तोच भेद, नाही आणि अजून कळले नाही यातला.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. २०१७ ची कर्जमाफी आठवते? दीड लाखापर्यंतची. ऑनलाइन अर्ज भरायला रात्र रात्र रांगा लागल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, समारंभ झाले, प्रमाणपत्रे वाटली. आणि मग याद्यांतला घोळ बाहेर आला. बँकांकडची माहिती आणि अर्जातली माहिती जुळेना, वेगवेगळ्या शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक निघाला. यादी मागे घेऊन पुन्हा तपासावी लागली. ज्याच्या हातात प्रमाणपत्र होते त्याच्या खात्यात पैसे नव्हते. चंद्रपूर असो की कोल्हापूर, रब्बीच्या तोंडावर तो माणूस बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिला. यात कोणाचा किती दोष, त्या वादात मला पडायचे नाही. पण संगणकाच्या भाषेत सांगायचे तर चाचणीच्या जागेत पकडायचे ते चालू जागेत, ते सुद्धा हारतुऱ्यांच्या समारंभात, पकडले गेले.

पुढच्या कर्जमाफीत, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या योजनेत, हा धडा घेतलेला दिसतो. डिसेंबर २०१९ मध्ये घोषणा झाली, मर्यादा दोन लाखांची. पण पहिली यादी लागली २४ फेब्रुवारी २०२० ला, आणि तीही साऱ्या राज्याची नव्हे. फक्त ६८ गावांची. जिल्ह्यामागे दोन गावे असा हिशोब. नावे होती १५,३५८. शेतकऱ्याने आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जायचे, यंत्रावर अंगठा ठेवायचा, पडद्यावर आपले नाव, खाते आणि रक्कम वाचायची, आणि मान्य की अमान्य ते सांगायचे. अमान्य असेल तर प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे. मोठी यादी त्यानंतर चारपाच दिवसांनी आली. अवधी थोडाच होता, आणखी असता तर बरे झाले असते, असे माझे मत. पण पद्धत योग्य होती. आकड्याचा धनी कोण, तर ज्याच्या खात्याचा आकडा आहे तो. आणि त्याला विचारल्याशिवाय पैसा हलायचा नाही.

इथे एक गफलत होऊ नये म्हणून सांगतो. ती ६८ गावे चाचणीची जागा नव्हती. तिथली माणसे खरी, कर्ज खरे. चाचणीच्या जागेत चुकले तर कोणाचे काही जात नाही. प्रायोगिक गावात चुकले तर थोड्यांचे जाते. सरसकट सुरू करून चुकले तर सगळ्यांचे. या तीन पायऱ्या आहेत आणि मधली पायरी गाळायचा मोह फार होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत आधी ३९ गावांत राबवली, शेजारची ४७ गावे तुलनेला ठेवली. पाचएक वर्षांत हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू ६२ वरून २५ वर आले, ते १९९९ साली जगापुढे मांडले, आणि देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत आली २०११ मध्ये. एवढी वर्षे लागावीत का, हा वेगळा प्रश्न. पण गावाची वही पक्की होती म्हणून तो आकडा टिकला.

ताडोब्याला लागून असलेल्या सीतारामपेठेत २०२३ मध्ये वाघ गावाकडे येताना दिसला की इशारा देणारे कॅमेरे बसवले. अशा ठिकाणी तर इशारा चाचणीचा की खरा, हे गावकऱ्याला ऐकताक्षणी कळायला हवे. दोनदा चाचणीचा वाजला की तिसऱ्यांदा कोणी दार लावत नाही.

आता फलक हलवायचा म्हणजे नेमके काय करायचे ते सांगतो, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही आम्हाला विचारावे अशी माझी इच्छा आहे. फलकाचे चार भाग धरा. एक चित्र, म्हणजे पट्ट्या आणि रंग. दुसरे हिशोबाचे सूत्र, म्हणजे बेरीज-वजाबाकी कशी करायची ते. तिसरी नळी, आकडे कोणत्या कोठीतून यायचे ती. चौथी किल्ली, म्हणजे कोणाला काय दिसावे. पहिले दोन भाग चाचणीत जसे होते तसेच्या तसे चालू जागेत गेले पाहिजेत, काना-मात्रेचा फरक न होता. आणि मागचे दोन बदललेच पाहिजेत. घोटाळे होतात ते इथे. माणसे चित्र हलवतात आणि नळी विसरतात, आमच्या त्या हरभऱ्यासारखे. किंवा किल्ली विसरतात, आणि चाचणी करणाऱ्या पोराला साऱ्या सभासदांची बँक खाती दिसत राहतात. चाचणीच्या कोठीत खरे आधार क्रमांक नि खाती भरूच नयेत, खोटी भरावीत. काम तेवढ्यावर भागते.

हल्ली या कामाला तयार साधने मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये विकास, चाचणी आणि चालू अशा पायऱ्या आखून एकातून दुसरीत फलक ढकलता येतो, आणि कुठल्या पायरीवर नळी कुठे जोडायची याचे नियम आधीच लिहून ठेवता येतात. पण ते साधन फलकाचा साचा नेते, आतला माल नेत नाही. नव्या जागी माल पुन्हा भरून घ्यावा लागतो, आणि कोणाला दाखवायचे ते नव्याने ठरवावे लागते. ग्राफाना नावाचा फुकट मिळणारा फलक आहे. त्याचा साचा एका फाईलमध्ये उतरवून नेता येतो, पण फाईलमध्ये जुन्या कोठीची खूण तशीच राहिली तर नव्या जागी फलक कोरा दिसतो. खरे सांगू? कोरा दिसला तर देवाची कृपा समजावी. भरलेला आणि चुकीचा दिसला तर पंचाईत.

आणखी एक खोड सांगतो, ही आमच्या खात्यातल्या सगळ्यांना आहे. हंगाम ऐन भरात असतो, फलकावर एक बारीक चूक दिसते, आणि कोणीतरी चाचणीची जागा टाळून थेट चालू फलकातच हात घालून ती दुरुस्त करतो. काम भागते, सगळे खूश. महिन्याने चाचणीतून नवी सुधारणा येते आणि त्या दुरुस्तीवरून नांगर फिरतो. जुनी चूक पुन्हा उगवते. तोवर ती कोणी केली, कशी केली, हे कोणाला आठवत नाही. म्हणून दुरुस्ती कितीही घाईची असो, ती आधी चाचणीत करायची, कोणी आणि का केली ते वहीत लिहायचे, मग हलवायची. आणि हलवण्याआधीचा फलक जपून ठेवायचा, म्हणजे अंगाशी आले तर तासाभरात जुना परत लावता येतो. आमच्या त्या कारखान्यात जुना फलक पुसून टाकला होता.

फलक हलवल्यावर पहिला पंधरवडा जुने रजिस्टर आणि नवा फलक जोडीने चालवावेत. रोज रात्री काट्याच्या पावत्यांची बेरीज आणि फलकावरचे टन समोरासमोर मांडावेत. एक टनाचा फरक आला तरी सोडू नये. "एवढ्या लाखात एक टन काय" असे म्हणणाऱ्याला विचारावे, तो एक टन तुझा असता तर?

या सगळ्यात निर्णय कोणाचा, हा प्रश्न उरतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक पासवर बांबू विकणारे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही तिथली जाणती नावे. त्या गावाची एक रीत मला आपल्या विषयाच्या फार जवळची वाटते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात वाटेल तो प्रश्न उलटा-सुलटा करून पाहायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, वाद घालायचा. पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या सहमतीने. म्हणजे चुका करायची जागा आणि जबाबदारीची जागा त्यांनी वेगळी ठेवली आहे, आणि एकीतून दुसरीकडे जाताना सगळे गाव उंबऱ्यावर बसलेले असते. आमच्याकडे फलक चाचणीतून चालू करण्याचा हुकूम अजून संगणक विभागातला एक माणूस टेबलावरून देतो. माझ्या मते त्या कागदावर शेती अधिकाऱ्याची सही हवी, आणि ज्या गटाचा फलक आहे त्या गटातल्या दोन सभासदांचीही. संचालक मंडळापुढे तसे लेखी दिले आहे. काही जणांना ते पटले नाही; उशीर होईल म्हणतात. होईल थोडा.

सध्या येत्या हंगामाच्या तोडणीचा नवा फलक चाचणीत आहे. प्रत्येक गट ऑफिसात तो लावलेला दिसेल, डोक्यावर पिवळी पट्टी आणि तिच्यावर 'चाचणी' असे मोठ्या अक्षरात. त्यावरच्या पाळीवरून कोणी टोळी मागू नये किंवा घाबरूनही जाऊ नये. आपला गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख तेवढी ताडून पाहावी. को ८६०३२ च्या जागी दुसरे काही पडले असेल, खोडव्याला लागण लिहिली असेल, भावाच्या नावावरचा ऊस तुमच्या नावावर आला असेल, तर शेजारी ठेवलेल्या वहीत लिहून खाली सही करावी. वही दसऱ्यापर्यंत ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलेले आहे, ते मात्र नेऊ नये.